कवळी काढायची कुणासमोर?

"सासूबाई धड जेवत नाहीत, बोलणं कमी झालंय, भजनी मंडळही सोडलं. डिप्रेशन असेल का हो?"

धनकवडीतल्या एका सुनेचा हा प्रश्न. घरातलं वयस्कर माणूस गप्प झालं की हल्ली सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा हेच येतं, आणि माझ्या व्यवसायामुळे माझ्याही. (ओळख पटू नये म्हणून इथले काही तपशील बदलले आहेत.)

काकू ७२ वर्षांच्या. पहिल्या भेटीत मी ठरलेले प्रश्न विचारले. झोप लागते? लागते. रडू येतं? छे. मग जेवत का नाही? "तोंडाला चवच नाही गं." मी वहीत 'भूक मंद' असं लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. ते पान आता उघडलं की माझी मलाच लाज वाटते.

दुसऱ्यांदा मी त्यांच्या घरी गेले. चहा आला. काकूंनी तो बशीत ओतला, पार निवू दिला, मग पदर तोंडाशी धरून एक घोट घेतला आणि डोळे घट्ट मिटले. खारीला हातही लावला नाही. पदर जरा ढळला तेव्हा दिसलं, ओठांचे दोन्ही कोपरे चिरले होते.

"काकू, कवळी आहे ना? टोचते का?"

सून चहाचे कप घेऊन आत गेल्यावर त्यांनी सांगितलं. वरची-खालची दोन्ही कवळी बसवून ३ वर्षं झाली होती. एवढ्या काळात धुण्यापुरतीच ती बाहेर आली असेल. तेही बाथरूमचं दार लावून, राखुंडीने खसाखसा घासून, वर उकळतं पाणी ओतून. "जंतू मरायला नकोत?"

हेतू चांगला, पण कवळी ॲक्रिलिकची. उकळत्या पाण्याने तिचा आकार बिघडतो. राखुंडीने, अगदी साध्या टूथपेस्टनेही, तिच्यावर बारीक चरे पडतात आणि त्या चऱ्यांत बुरशी घर करते. मऊ ब्रश, सौम्य साबण आणि साधं पाणी एवढं पुरतं. धुताना खाली बेसिनमध्ये घडी घातलेला टॉवेल ठेवावा, ओल्या हातातून कवळी निसटली की दोन तुकडे ठरलेले.

जवळच्या दंत महाविद्यालयात मी सोबत गेले. डॉक्टरांनी वरची कवळी काढून मला टाळू दाखवला. कवळीच्या आकाराचा लालभडक ठसा, जणू कुणी शिक्का मारलाय. दुखत नव्हता, म्हणून काकूंना पत्ताच नव्हता. ही कॅन्डिडा नावाची बुरशी. काकूंना मधुमेह, त्यामुळे तिचं आणखीच फावलं. औषध तोंडात लावायचं होतं तसंच कवळीचंही निर्जंतुकीकरण करायचं होतं, नाहीतर बुरशी कवळीवरून पुन्हा टाळूवर. खालची कवळी सैल झाली होती. दात गेल्यावर जबड्याचं हाड हळूहळू झिजतच राहतं, त्यामुळे एकदा नीट बसलेली कवळी कायम तशीच बसत नाही. तिला आतून नवं अस्तर लावून मिळालं. वर्षातून एकदा तपासून घ्यायला सांगितलं.

आणि शेवटी : "रात्री काढून पाण्यात ठेवायची." कोरडी ठेवली तरी तिचा आकार बदलू शकतो.

काकूंनी मान डोलावली. आठवड्याने पाहिलं तर नवी डबी बेसिनवर होती, कोरडी ठणठणीत.

सून वैतागली. "राहू दे की रात्री तोंडात, एवढं काय?" तिला मी जपानमधला २०१५ सालचा अभ्यास सांगितला. ८५ वर्षांपुढच्या ५२४ जणांच्या त्या पाहणीत, कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका सुमारे २.३ पट आढळला होता. काकूंना हा आकडा सांगितला नाही. भीतीने काढलेली कवळी चार दिवसांत परत तोंडात जाते.

आधी घर बघायला हवं होतं. काकू हॉलमधल्या दिवाणावर झोपतात. खाली गादीवर कॉलेजातला नातू, दीड वाजेपर्यंत मोबाइलवर. बेसिन पॅसेजमध्ये. कवळी काढायची कधी आणि कुणासमोर?

मी म्हटलं, "काकू, पुण्यात १ ते ४ दुकानंसुद्धा मिटतात. हिरड्यांनाही तेवढी सुट्टी देऊ." त्या वेळात घरी कुणी नसतं. रात्र ती रात्रच, तिची भरपाई तीन तासांत होत नाही हे मला माहीत होतं, पण कुठून तरी सुरुवात हवी होती. पंधरा दिवस दुपार जमली. रात्रीचं नाव काढलं की मात्र गप्प.

एके दुपारी डबीकडे बघत, पदराआडून म्हणाल्या, "रात्रीतनं काही झालं मला, तर? चार लोक येतील. अशा तोंडाने बघतील."

नातू, बेसिन, पॅसेज हे सगळं खरं होतं. पण गाठ इथे होती. 'असं कशाला बोलता' म्हणून मी विषय बदलला असता, तर ती डबी कायम कोरडीच राहिली असती.

त्यांच्या परवानगीने हे सुनेला सांगितलं. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग सासूजवळ जाऊन बसली. "आई, दवाखान्यात न्यायची वेळ आली तर ते आधी कवळी काढायलाच लावतात." हे खरंच आहे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या घशात ती अडकू शकते, तेव्हा घाईने कुणी बसवायलाही जाऊ नये. "पण त्यापुढचं काही झालं, तर आधी तुमची कवळी बसवीन, मग दार उघडीन. फक्त मला ती बसवता येत नाही."

काकूंनी डबी मांडीवर घेतली. माझ्यासमोर पदर पहिल्यांदाच खाली आला.

"कोरडी नाही लावायची, ओली करून. आधी वरची," त्या म्हणाल्या. "अंगठ्याने दाब. दातांनी चावून नाही बसवायची, मोडते."