15 हजारांत पोअर ओव्हर आणि एस्प्रेसो दोन्ही करायचंय, तर कॉफीचा ग्राइंडर कोणता घ्यावा?

तुमच्या प्रश्नातून एवढं कळलं: रोज सकाळी व्ही60 (म्हणजे पावडरीवर गरम पाणी ओतून गाळायची पोअर ओव्हर कॉफी), सुट्टीच्या दिवशी एस्प्रेसो, एस्प्रेसोचं यंत्र डेलोंगीचं डेडिका, राहणं कोथरूडला, बजेट 15 हजार. डिसेंबरात भाऊ न्यू जर्सीहून येतोय, त्याला विजेवरचा ग्राइंडर आणायला सांगावा का, असंही विचारलंय. माझं सरळ मत: या पैशांत हाताने फिरवायचा, 48 मिमी स्टीलच्या बरचा (बी दळणारी दातेरी चाकं), बारीक क्लिकचा (जाड-बारीक करायच्या पायऱ्या लहान असलेला) ग्राइंडर घ्या. विजेवरचा या बजेटात नको, आणि अमेरिकेतून तर मुळीच नको.

अमेरिकेचं आधी निकालात काढू. तिथली वीज 120 व्होल्ट 60 हर्ट्झ, आपली 230 व्होल्ट 50 हर्ट्झ. तिथला ग्राइंडर नुसता पिन बदलून इथे लावलात तर जळेल. ट्रॅव्हल अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण ओट्यावर ते आणखी एक धूड, आणि बिघडलं की वॉरंटीसाठी कोणाकडे जाणार? हातग्राइंडरला यातलं काहीच आडवं येत नाही. तो भावाने खुशाल आणावा.

आता मुद्द्याचं. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात पातं बी फोडतं, दळत नाही. निम्मी भुकटी, निम्मे तुकडे. भुकटीतून कडूपणा उतरतो, तुकड्यांतून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात येतात. बर म्हणजे एकमेकांत बसणारी दोन दातेरी चाकं. त्यांच्यामधल्या फटीएवढा कण झाल्याशिवाय तो खाली पडत नाही. म्हणून बर हवाच. पण 'बर आहे' एवढ्यावर भुलू नका. दोन-अडीच हजारांच्या सिरॅमिक बरच्या ग्राइंडरांत मधला दांडा बहुधा डुगडुगतो, फट एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी होते. फ्रेंच प्रेसपुरतं ते चालून जाईल, एस्प्रेसोला अजिबात नाही. हातात घेऊन बघायची संधी मिळालीच तर दांडा धरून आडवा हलवा. वर आणि खाली दोन बेअरिंग असतील तर तो हलणार नाही.

एस्प्रेसोसाठी खरी कसोटी एकच: एका क्लिकला बर किती सरकतो. व्ही60मध्ये पाणी आपल्या वजनाने खाली येतं, तिथे कण थोडा इकडेतिकडे झाला तर चवीत जेमतेम फरक पडतो. एस्प्रेसोत 9 बारच्या आसपासचा दाब दाबून बसवलेल्या पावडरीच्या चकतीतून पाणी ढकलतो, आणि तो प्रवाह अडवायला त्या चकतीशिवाय दुसरं काही नसतं. टाइममोर सी2 व्ही60साठी उत्तम आहे, पण त्याचा एक क्लिक सुमारे 83 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एका क्लिकवर शॉट, म्हणजे एस्प्रेसोचा एक कप, 15 सेकंदांत धावतो, पुढच्या क्लिकवर यंत्र गुदमरतं, मधलं काही मिळतच नाही. त्याच कंपनीच्या सी3 ईएसपीचा क्लिक 23 मायक्रॉनच्या आसपास, किंग्राइंडर के6चा 16, वनझीप्रेसो जेएक्स-प्रोचा 12.5. तुमच्या कामाला के6 किंवा जेएक्स-प्रोच्या जातीचा घ्या. के6 मला जास्त सोयीचा वाटतो, कारण त्याचं क्लिक बदलायचं कडं बाहेरून फिरतं आणि तुम्हाला तर दोन प्रकारांमध्ये सारखी ये-जा करायची आहे. भाव सेलप्रमाणे हलतात, दोन-तीन ठिकाणी बघून मगच घ्या.

त्याआधी डेडिकाची बास्केट (पावडर भरायची भोकांची वाटी) उलटी करून तळ बघा. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर ती दुहेरी तळाची, प्रेशराइज्ड बास्केट. यंत्रासोबत तीच येते. तिच्यात दाब त्या भोकामुळे तयार होतो, त्यामुळे दळण कसंही असो, फेस येतोच. चांगल्या ग्राइंडरचा फायदा निम्म्याहून जास्त वाया. 51 मिमीची एकेरी तळाची बास्केट वेगळी मिळते, बरेच जण तिच्याबरोबर उघड्या तळाचा पोर्टाफिल्टरही (बास्केट धरणारी मूठ) घेतात. शिवाय 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा. हे पैसे 15 हजारांतूनच बाजूला काढा, नाहीतर ग्राइंडर येईल आणि शॉट पूर्वीसारखाच राहील.

ग्राइंडर आला की पहिलं काम शून्य शोधण्याचं. आत एकही बी नसताना कडं बारीककडे फिरवत जा. हँडल आपल्या वजनाने खाली पडेनासं झालं की बर टेकले. तिथून क्लिक मोजायचे, कड्यावर छापलेल्या शून्यावर विसंबायचं नाही. के6वर एका फेऱ्यात 60 क्लिक असतात. एस्प्रेसोची सुरुवात 45च्या आसपास, व्ही60ची 95-100. व्ही60चं दळण बारीक रव्यासारखं दिसतं. एस्प्रेसोचं चिमटीत दाबलं तर क्षणभर गोळा धरतं, आणि चोळल्यावर पिठात मिसळलेले कण बोटांना लागतात.

15 ग्रॅम बिया दळा, बास्केटमध्ये ओता, बारीक सुईने तळापर्यंत ढवळून गुठळ्या मोडा, मग सपाट दाबा. कपात 30 ग्रॅम यायला पंप सुरू केल्यापासून 25 ते 30 सेकंद लागले पाहिजेत. 14 सेकंदांत आलं तर चार-पाच क्लिक बारीक करा. 15 सेकंद झाले तरी थेंब नाही, तर तीन-चार क्लिक जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला; वजन, दाब आणि क्लिक तिन्ही हलवले तर काय कशाने झालं ते कळणार नाही. वेळ जमली की जिभेचं ऐका: आंबट आणि पातळ लागली तर थोडं बारीक, कडू आणि घसा कोरडा करणारी लागली तर थोडं जाड.

एक गफलत हमखास होते. बारीक करत जाताना शॉट एकदम उलटा वेगाने यायला लागतो, उघड्या तळातून बाजूला पिचकाऱ्या उडतात. पाण्याने पावडरीच्या चकतीत वाट फोडलेली असते. अजून बारीक केलंत तर आणखी बिघडेल. दोन-तीन क्लिक मागे या आणि ढवळणं नीट करा.

आणि क्लिकने काहीच फरक पडत नसेल तर बिया बघा. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर माल जुना धरून चाला. शिळी कॉफी कितीही बारीक दळा, धो-धो वाहते. भाजल्यावर आठवडाभराने सुरू करून पाच-सहा आठवड्यांत संपवा. चिकमगळूर-कुर्गच्या बिया भाजून कुरियरने पाठवणारे आता पुष्कळ आहेत. दुकानातून आणत असाल तर 'चिकोरी न घालता, न दळता' असं स्पष्ट सांगा.

फेब्रुवारी ते मेपर्यंत पुण्याची हवा कोरडी असते, तेव्हा पावडर डब्याला चिकटते आणि ओट्यावर उडते. चमच्याची दांडी ओली करून बियांमध्ये एकदा फिरवा, मग दळा. या थेंबभर पाण्याने स्थिर वीज कमी होते. 2023 साली ऑरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी याची रीतसर मोजणी करून निबंध छापला आहे. थेंब म्हणजे थेंबच, बर स्टीलचे आहेत. पावसाळ्यात हे करायची गरज फारशी पडत नाही, तेव्हा बियांचा डबा घट्ट बंद ठेवा आणि एक-दोन क्लिक इकडेतिकडे होतील हे गृहीत धरा.

हाताचे कष्ट आहेत, ते लपवत नाही. 15 ग्रॅम व्ही60साठी अर्ध्या मिनिटाचं काम. हलकी भाजलेली बी एस्प्रेसोसाठी दळायला मिनिटभर तरी, आणि चार पाहुणे आले की हात भरून येतो. घरात रोज चार-पाच कप एकदम लागत असतील तर थांबा, पैसे साठवा आणि इथे विकला जाणारा 230 व्होल्टचा बराट्झा एन्कोर ईएसपी घ्या. त्याच्या 40 पायऱ्यांपैकी पहिल्या 20 एस्प्रेसोसाठी बारीक ठेवल्या आहेत. साधा एन्कोर नको, त्याच्या पायऱ्या एस्प्रेसोला मोठ्या पडतात.

सफाई कोरड्या ब्रशने, पंधरवड्यातून एकदा. पाण्याखाली धरायचा नाही, आणि मिरे, वेलदोडे, सुंठ यांच्यासाठी कोणालाही हात लावू द्यायचा नाही. वेलदोड्याचा वास बरमध्ये बसला की महिनाभर कॉफीला येतो. उघडून परत जोडताना वॉशर आणि स्प्रिंगचा क्रम मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि शून्य पुन्हा तपासा, कारण एक वॉशर उलटा बसला तरी तुमचे 45 आणि 95 दोन्ही आकडे चुकतात.