वेबपानाच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये) प्रश्नचिन्ह आलं की गूगल डुप्लिकेट समजून शिक्षा करतं का? साड्यांच्या साइटचे सगळे पत्ते बदलून घ्यावेत का?

नाही, आणि नाही. प्रश्नचिन्हाचे पत्ते आम्हाला नीट वाचता येतात, हे गूगलने २००८ मध्येच जाहीर सांगितलंय. अर्धवट रीराइट करून, म्हणजे सर्व्हरवर पत्त्याचं रूप बदलून, ते स्थिर असल्यासारखे भासवू नका, हेही तेव्हाच सांगितलं होतं. तरी आजही ‘एसईओ-फ्रेंडली’ (शोधात वर आणणाऱ्या) पत्त्यांच्या नावाखाली बिलं लावली जातात, याची मला मनापासून चीड आहे. ‘?रंग=लाल’चं ‘/रंग/लाल/’ केलं तर गुंता तेवढाच राहतो; वर पत्त्यातला कोणता भाग नुसता फिल्टर आहे, हे ओळखणं गूगलला अवघड होतं.

एकाच साइटवरच्या डुप्लिकेट पानांना शिक्षाही नसते. गूगल सारखी पानं एका गठ्ठ्यात घालतं आणि त्यातलं एकच दाखवतं. ते तुम्हाला हवं तेच असेल असं नाही, दुखणं एवढंच.

आता पैठणीचं एक पान घ्या. रंग ८, किमतीचे गट ५, कापड ३, क्रम लावायचे प्रकार ४. चारही निवडले की ४८० जोड्या. फिल्टर ज्या क्रमाने दाबले त्याच क्रमाने पत्त्यात येत असतील, तर प्रत्येक जोडीचे २४ पत्ते, म्हणजे ११,५२०. साड्या मात्र त्याच साठ!

इथे हमखास सल्ला मिळतो: रोबॉट्स फाइलमध्ये (बॉटने, म्हणजे गूगलच्या पानं वाचणाऱ्या प्रोग्रामने, काय उघडू नये हे सांगणारी फाइल) प्रश्नचिन्हाचे पत्तेच बंद करा. हा सल्ला चुकीचा आहे, कितीही मोठ्या माणसाने दिलेला असो. बंद केलेलं पान बॉट उघडतच नाही. मग त्यातला कॅनॉनिकल, म्हणजे ‘मूळ पान हे’ असं सांगणारा टॅग, कोण वाचणार? ‘हे पान शोधात दाखवू नका’ सांगणारा नोइंडेक्सही वाचला जात नाही. त्या पत्त्याला बाहेरून लिंक असेल तर आतला मजकूर न बघताच तो इंडेक्समध्ये (गूगलच्या शोधयादीत) जाऊ शकतो आणि लिंकचं वजन मूळ पानाला मिळत नाही. रोबॉट्स फाइलमध्येच नोइंडेक्स लिहिणारेही आहेत. गूगलने ते १ सप्टेंबर २०१९ पासून मानणं बंद केलंय. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या सेवेतलं पॅरामीटरचं (पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे येणाऱ्या ‘रंग=लाल’सारख्या भागांचं) साधनही २०२२ मध्ये गेलं, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून ते शोधत बसू नका.

फिल्टरच्या पानांच्या कोडमधल्या हेड भागात मूळ पैठणी पानाचा कॅनॉनिकल टाका, एचटीटीपीएससकट पूर्ण पत्ता. कॅनॉनिकल ही सूचना आहे, हुकूम नाही. म्हणून मेनू, ब्रेडक्रम्ब (पानावर वर दिसणारी ‘मुख्य पान > पैठणी’ अशी वाट) आणि साइटमॅप (पानांच्या पत्त्यांची यादी) यांतही तोच पत्ता हवा. सेशन आयडी (प्रत्येक भेटीला पत्त्यात जोडला जाणारा क्रमांक), डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला-नसलेला पत्ता, शेवटची तिरकी रेघ यांना थेट ३०१, म्हणजे मूळ पत्त्याकडे कायमचं वळवणं. पॅरामीटर सर्व्हरवर एका ठरावीक क्रमाने लावा आणि बाकीचे क्रम तिकडे वळवा. ज्या जोडीत एकही साडी नाही, तिथे ४०४ (‘पान सापडलं नाही’) द्या. यादी अनेक पानांची असेल तर दुसऱ्या पानाचा कॅनॉनिकल पहिल्या पानाकडे कधीच नको, नाहीतर पुढच्या साड्यांपर्यंत पोचायची वाट बॉटला उरत नाही. ‘लाल पैठणी’ लोक खरंच शोधत असतील, तर तिला स्वतःचं पान, स्वतःचं शीर्षक आणि स्वतःचा कॅनॉनिकल द्या.

पत्ते देवनागरीत असतील तर आणखी एक खोच आहे. ‘दोऱ्या’तला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा साध्या र आणि हलन्तापुढे न दिसणारा जोडक टाकून. डोळ्यांना एकच, पण बाइट्स वेगळे, म्हणजे पत्ते दोन. स्लग (पत्त्यातला पानाच्या नावाचा भाग) बनवतानाच एक रूप पक्कं करा.

बदल झाल्यावर काही आठवडे जाऊ द्या. मग सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत तुम्ही सांगितलेला कॅनॉनिकल आणि गूगलने निवडलेला कॅनॉनिकल जुळतात का ते बघा.

रोबॉट्सबद्दल एक अपवाद मात्र मान्य करतो. पत्ते लाखांत असतील आणि बॉट फिल्टरमध्येच अडकून नव्या मालापर्यंत पोचत नाही असं सर्व्हरच्या लॉगमध्ये (भेटींच्या नोंदींत) दिसत असेल, तर फिल्टरचे पत्ते रोबॉट्स फाइलमध्ये बंद करणंच योग्य. साठ साड्यांच्या पानाला त्याची गरज नाही.