परमेश्वराला ‘रणवीर’ का म्हटले आहे?

प्रश्न : हिब्रू शास्त्रात (बायबलच्या जुन्या करारात) देवाला दयाळू आणि मंदक्रोध म्हटले आहे, आणि त्याच ग्रंथात परमेश्वर रणवीर आहे असेही वाचायला मिळते. लढणारा देव म्हणजे इस्राएलाच्या सैन्याचा कैवारी, असा याचा अर्थ घ्यायचा का?
— एक वाचक

उत्तर : आपण म्हणता ते वचन निर्गम या पुस्तकाच्या १५व्या अध्यायातील समुद्रगीतात आहे. हिब्रू काव्यातील अतिप्राचीन रचनांमध्ये पुष्कळ अभ्यासक त्याची गणना करतात. त्यामागचा प्रसंग नीट पाहावा. मिसरातून (इजिप्तमधून) निघालेल्या इस्राएली लोकांच्या पुढे समुद्र, मागे मिसरचा राजा फारो याचे रथ, आणि अशा वेळी त्यांचा नेता मोशे त्यांना शस्त्रे उचलायला सांगत नाही. परमेश्वर तुमच्यासाठी लढेल, तुम्ही शांत राहा, एवढेच तो म्हणतो. रथ पाण्यात बुडतात आणि इस्राएलातील एकाही माणसाला तलवार उपसावी लागत नाही. हे लोक कालपर्यंत वेठीने विटा पाडत होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या गीतातला आवेश कळत नाही. तरीही, मिसरी बुडत असताना देवदूत स्तुतिगीत गाऊ लागले तेव्हा, माझ्या हातची निर्मिती समुद्रात बुडत आहे आणि तुम्ही गाता काय, असे देवाने त्यांना विचारले, ही कथा तालमूद या यहुदी धर्मग्रंथाने जपली आहे.

समुद्राशी लढणारा देव शेजारच्या लोकांनाही ठाऊक होता. सीरियातील रास शामरा येथे १९२९ पासून झालेल्या उत्खननात मिळालेल्या प्राचीन उगारित नगराच्या मृत्पट्टांवर (मातीच्या लेखपट्टांवर) वादळदेव बआल आणि समुद्रदेव याम यांचे युद्ध वर्णिले आहे. समुद्रगीतात मात्र समुद्र हे परमेश्वराच्या हातचे साधन आहे आणि शत्रू आहे तो माणसांना राबवणारा राजा.

‘सैन्याचा कैवारी’ ही समजूत तर शास्त्रच मोडून काढते. यरीहो नगराजवळ, मोशेनंतर इस्राएलाचा नेता झालेल्या यहोशवाला नंगी तलवार घेतलेला पुरुष दिसतो. तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या, या प्रश्नावर तो ‘नाही’ म्हणतो आणि आपण परमेश्वराच्या सेनेचे सेनापती असल्याचे सांगतो. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २१वा अध्याय याहून कठोर आहे. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाने यरुशलेमेवर स्वारी केली असता, परमेश्वर पूर्वीसारखे अद्भुत कृत्य करील या आशेने यरुशलेमेचा राजा सिद्कीया त्या संदेष्ट्याकडे माणसे पाठवतो. उत्तर येते की, पुढे केलेल्या हाताने आणि बलिष्ठ बाहूने परमेश्वर स्वतःच तुमच्याशी लढेल. मिसरातील सुटकेचे वर्णन ज्या शब्दांत केले जाई, तेच शब्द येथे स्वजनांवर उलटले आहेत. लुबाडलेल्याला जुलम्याच्या हातून सोडवा, हे राजघराण्याला याच अध्यायात बजावले आहे. इ.स.पू. ५८७च्या सुमारास नगर पडले.

यरीहोत लहानथोर, स्त्रीपुरुष सर्वांचा संहार झाल्याचेही यहोशवाच्या पुस्तकात लिहिले आहे. वरील कोणत्याही मुद्द्याने त्या ओळींची धार बोथट होत नाही, आणि ती कोणी बोथट करू नये, असे मला मनापासून वाटते.