घरात सशांची जोडी ठेवायची आहे, कोणता पिंजरा घ्यावा?

तुम्ही दोन पिंजऱ्यांबद्दल विचारलंय. एक मीटरभर लांबीचा, तळाला जाळी आणि खाली ट्रे असलेला; दुसरा तेवढ्याच जागेत बसणारा दुमजली. माझं मत विचाराल तर दोन्ही घेऊ नका. त्याऐवजी कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळतं ते घडीचं लोखंडी कुंपण घ्या आणि अभ्यासाच्या खोलीचा मोठा भाग सशांना देऊन टाका.

खोक्यावर ‘दोन सशांसाठी’ असं छापलेलं असतं. दोन ससे त्यात मावतात, एवढाच त्याचा अर्थ. सशाला सलग तीन-चार उड्या मारता आल्या पाहिजेत, मागच्या पायांवर उभं राहिल्यावर कान छताला लागता कामा नयेत आणि अंग पूर्ण ताणून झोपता आलं पाहिजे. ब्रिटनमधली ‘रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड’ ही संस्था जोडीसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच जागा सांगते. ही जागा सलग हवी आणि चोवीस तास खुली हवी. ‘पिंजरा लहान असला तरी संध्याकाळी तासभर बाहेर सोडू’ हा हिशोब इथे चालत नाही, कारण ससे सर्वांत जास्त हुंदडतात ते पहाटे आणि तिन्हीसांजेला. पहाटे आपण झोपलेले असतो.

दुमजली पिंजऱ्यात मजल्यांची बेरीज करून जागा मोठी दाखवतात. पण पळायला एकाच मजल्याची लांबी मिळते.

आता जोडीचा मुद्दा, आणि माझ्या मते जागा निवडताना हाच सगळ्यात महत्त्वाचा. ससे एकमेकांना बिलगून झोपतात, चाटतात, म्हणून त्यांना थोडी जागा पुरेल असं वाटतं. प्रत्यक्षात जोडी टिकते ती एकमेकांपासून बाजूला होता येतं म्हणून. आमच्याकडे नर-मादी आहेत. मादीला एकटं बसायचं असलं की ती नराकडे पाठ करते, जाता जाता मागचे पाय झटकते आणि तिच्या खोक्यात शिरते. नर दोन पावलं मागे जातो, थोडा वेळ थांबतो आणि पलीकडच्या खोक्यात जाऊन पसरतो. विषय तिथेच मिटतो. अरुंद पिंजऱ्यात त्याला जायला जागाच नसती. मग पाठलाग, केसांचे पुंजके आणि चावे सुरू होतात. एकदा बिनसलेली जोडी पुन्हा जमवणं फार कठीण असतं. म्हणून लपायची खोकी दोन ठेवा आणि प्रत्येकाला दोन दारं ठेवा, म्हणजे एक आत आला की दुसऱ्याला बाहेर पडता येईल. पुठ्ठ्याची साधी खोकी उत्तम; कुरतडून संपली की नवी द्यायची.

नसबंदीचं तुम्ही काही लिहिलेलं नाही. नर-मादी असतील तर ती होईपर्यंत त्यांना एकत्र ठेवू नका. साधारण चार महिन्यांची मादी गाभण राहू शकते, महिनाभरात विते आणि व्यायल्यानंतर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. नराची शस्त्रक्रिया झाल्यावरही काही आठवडे धोका असतो. किती थांबायचं ते पशुवैद्यांना विचारा. तोवर दोन कुंपणं शेजारी, पण मध्ये थोडं अंतर ठेवून. जाळीला जाळी चिकटवली तर जाळीतूनही चावतात. नसबंदी झालेले नर-मादी ही सहसा सगळ्यात शांत जोडी.

जमिनीकडे नीट लक्ष द्या. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात. जाळीवर राहून टाचांचे केस झिजतात, कातडी लाल होते आणि पुढे जखमा होतात. त्या बऱ्या व्हायला वेळ लागतो. म्हणून जाळीचा तळ नकोच. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात आणि ससे पळायचंच सोडून देतात. खाली पाणी न झिरपणारं आवरण आणि वर न सरकणारा गालिचा घाला. मात्र गालिच्याचे धागे खाताना दिसले तर तो लगेच काढा, आतड्यात अडकतात.

कुंपण ९० सेंटिमीटर उंच घ्या. पिल्लं लहान असतील तर गजांमधली फट बघा, डोकं गेलं की अंगही जातं. वायरी कुंपणाबाहेर नुसत्या ठेवून भागत नाही, तोंड पोहोचणार नाही इतक्या लांब हव्यात.

शी-शूसाठी मांजराचा मोठ्यात मोठा ट्रे घ्या, दोघांना एकदम बसता येईल असा. त्यात कागदाच्या गोळ्या घाला. ओली झाल्यावर गोळा होणारी मांजराची वाळू नको, ते ती खातात. सुकं गवत ट्रेच्या एका टोकाला किंवा अगदी लगत ठेवा. ससे खाता खाताच लेंड्या टाकतात, त्यामुळे ट्रेची सवय आपोआप लागते. पाण्यासाठी बाटलीपेक्षा जड वाडगा बरा, मान खाली घालून ते नीट पितात.

कोपरा असा निवडा की दोन बाजूंना भिंत असेल आणि थेट ऊन येत नसेल. उन्हाचा त्यांना लवकर त्रास होतो, पंचवीस अंशांच्या वर गेलं की गारवा देण्याची सोय हवी.

एवढी जागा कुंपणात बसत नसेल तर उलटा विचार करा. खोलीचं दार लावा, खोली त्यांना द्या आणि कुंपण पुस्तकांच्या कपाटाभोवती आणि वायरींच्या बाजूला घाला. बऱ्याच घरांत हेच जास्त सोपं जातं. तेही शक्य नसेल तर सध्या ससे आणू नका. जागा कमी म्हणून एकच आणणं हाही उपाय नाही, ससा एकटा झुरतो.

पिंजरा आधीच घेतला असेल तर त्याचं दार काढा, जाळीवर घट्ट बसणारी फळी टाका आणि कुंपणाच्या आत गवत खायची जागा म्हणून वापरा. वेगळा खर्च करायचाच असेल तर दोघं एकत्र बसतील अशा वाहून न्यायच्या पेटीवर करा. एकाला पशुवैद्यांकडे न्यायचं असलं तरी दुसऱ्याला सोबत न्या. वेगळा वास घेऊन परतलेल्या सोबत्याला घरचा ससा कधी कधी ओळखत नाही आणि अंगावर धावून जातो.