आधी जेवण की आधी नाटक?

प्रश्न : ताई, दिवाळीनंतर भावाची मुलं बंगळुरूहून आठवडाभर माझ्याकडे येताहेत. भाचा १४ वर्षांचा, भाची ९ची. मराठी कळतं, बोलताना अडखळतात. रविवारी बालगंधर्व रंगमंदिरात साडेपाचला 'संगीत संशयकल्लोळ' आहे. नाटक आणि बाहेर जेवण असा बेत आहे. वहिनी म्हणते, "पोरं कंटाळतील, त्यापेक्षा मॉलमध्ये ने." तिकीट ४०० रुपये, तिघांचं सगळं ३,००० रुपयांत बसवायचंय. जेवण आधी की नंतर? आणि धाकटीला हे झेपेल का?
— एक आत्या, कोथरूड

उत्तर : नंतर. अगदी नंतर. हे मी अनुभवाने सांगतेय. एकदा माझ्या भाच्याला मी आधी थाळी जेवायला नेलं. आत्याने नेलंय म्हटल्यावर पोरगा बासुंदीच्या तीन वाट्या चढवून मोकळा. नांदी सुरू झाली आणि याची मान माझ्या खांद्यावर! पहिला अंक सगळा झोपेत. मध्येच मागून कुणीतरी खणखणीत "वन्स मोअर" ओरडलं, तेव्हा दचकून उठला आणि मोठ्याने विचारलं, "संपलं?" पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून पाहिलं ते त्याच्याकडे नाही, माझ्याकडे.

तेव्हा चारला घरी पोहे नाहीतर थालीपीठ द्या आणि मध्यंतरात बटाटेवडा. तो चुकवू नका. मोठी झाल्यावर या पोरांना नाटकातलं पद, म्हणजे गाणं, आठवेल न आठवेल, रांगेत उभं राहून घेतलेला गरम वडा नक्की आठवेल. नाटक सुटायला साडेआठ-पावणेनऊ होतील. आपटे रोड, फर्ग्युसन रस्ता जवळच आहेत. फक्त आपल्या पुण्यात काही थाळीवाले रविवारी संध्याकाळी चक्क बंद ठेवतात. आधी फोन करून विचारा, नाहीतर उपाशी पोरांना घेऊन कुलपासमोर उभ्या राहाल. मुलांना डोसाच हवा असेल तर डोसा खाऊ द्या. मराठी नाटकानंतर मराठीच जेवण, असा हट्ट नको.

आता नाटक. नाव ऐकून मुलांना काही बोध व्हायचा नाही, पण नाटककार गोविंद बल्लाळ देवलांनी हेच नाटक आधी गद्य लिहिलं तेव्हा त्याचं दुसरं नाव होतं 'तसबिरीचा घोटाळा'. १९१६ साली त्याचं संगीत नाटक झालं. तुमच्या भाच्याला एवढंच सांगा, "एकाचा फोटो भलत्याच्या हातात सापडतो आणि दोन जोडप्यांत संशय पेटतो." चौदा वर्षांच्या मुलाला यापुढे समजावावं लागत नाही, रोज फोनवर तेच चाललेलं असतं. फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो, बायको त्याच्यावर. धाकटीला एक काम द्या : पात्रांच्या नावांत महिने आणि नक्षत्रं शोधायची. अश्विनशेट, फाल्गुनराव, भादव्या, रेवती, कृत्तिका... बोटं मोजत बसेल आणि तेवढ्यात मराठी महिनेही पक्के होतील.

एका प्रश्नाची मात्र तयारी ठेवा. रेवती नायकिणीची मुलगी आहे. "नायकीण म्हणजे?" हे नाटक चालू असताना तरी विचारलं जाईल नाहीतर नेमकं जेवणाच्या टेबलावर, शेजारी माणसं बसलेली असताना. गप्प बसवू नका. नऊवालीला सांगा, गाणं हा त्यांच्या घरचा पेशा होता, लोक अशा घराला नावं ठेवायचे, तरी अश्विनशेटला तिच्याशीच लग्न करायचंय. मोठ्याला थोडं जास्त सांगा, त्याला ते ठाऊक असतंच.

तिकीट बाल्कनीतल्या पहिल्या रांगेचं मिळालं तर घ्या. स्वस्त पडेल आणि धाकटीपुढे कुणाचं डोकं येणार नाही. पण मुलं तबला किंवा पियानो शिकत असतील तर पैशाकडे बघू नका, खाली पुढे बसा. ऑर्गनवाल्याची बोटं आणि तबलजीची थाप जवळून दिसली, की रंगमंचावर काय चाललंय ते कळलं नाही तरी चालतं. माझी भाची सात वर्षांची असताना पूर्णवेळ तबलजीकडेच बघत होती. वन्स मोअर मिळून पद पुन्हा सुरू झालं तेव्हा कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, यांनी रिवाइंड केलं?"

तुम्ही मात्र कुजबुजत अर्थ सांगत बसू नका. गोष्ट रिक्षातच सांगून टाका. पदातले शब्द तुमच्या-माझ्या पिढीला तरी कुठे सगळे कळतात!

वहिनींशी वाद घालू नका. मॉलला शनिवारी न्या, बिल तुमचं नाही, भावाचं. आणि शाल विसरू नका. एसी जोरात असला तर दुसऱ्या अंकात धाकटी तुमच्या पदरात शिरेल, आणि साडीला वड्याचं तेल लागेल.