व्हर्च्युअलबॉक्स म्हणतंय अडॅप्टर सापडत नाही, पण तो तर समोर दिसतोय. काय करू?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. घरच्या डेस्कटॉपवर विंडोज ११, त्यात व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, आणि त्यात उबुंटूचं (लिनक्सचं) मशीन. रात्री विंडोजनं मोठं अपडेट घेतलं आणि सकाळपासून उबुंटू सुरूच होईना. 'फेल्ड टू ओपन ऑर क्रिएट द इंटर्नल नेटवर्क' अशी पाटी येते आणि तिच्या शेवटी 'व्हीईआरआर_इंटनेट_एफएलटी_आयएफ_नॉट_फाउंड'. दोनदा व्हर्च्युअलबॉक्स काढून परत टाकलंत, फरक नाही. शुक्रवारी कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचंय.

आता तिसऱ्यांदा काढू-टाकू नका. दोनदा टाकल्यामुळे एक नवा घोळ झाला असायची शक्यता आहे, त्याकडे पुढे येतो.

शुक्रवारची धास्ती असेल तर एवढंच करा. मशीन निवडून सेटिंग्ज उघडा, त्यात नेटवर्क. ज्या अडॅप्टरला, म्हणजे आतल्या मशीनच्या नेटवर्क कार्डाला, 'होस्ट-ओन्ली' (फक्त तुमच्या कॉम्प्युटरशी बोलणारं) लावलंय तिथं 'अटॅच्ड टू'मध्ये 'नॅट' (तुमच्या कॉम्प्युटरच्या आडून बाहेर जाणारं) निवडा, ओके करा आणि मशीन चालू करा. चालू होईल. पाटीत ज्याची बोंब आहे तो ड्रायव्हर होस्ट-ओन्ली आणि ब्रिज्ड (आतलं मशीन थेट बाहेरच्या नेटवर्कवर) या दोनच पद्धतींना लागतो, नॅटचं त्याच्यावाचून अडत नाही. आणि जीव भांड्यात पडू द्या, तुमचं प्रोजेक्ट जागेवर आहे. ही एरर मशीनच्या डिस्कपर्यंत पोचतच नाही.

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. निम्मी गिऱ्हाइकं शिवाजी उद्यमनगर आणि शिरोली एमआयडीसीतली. तिथं व्हर्च्युअल मशीन कुणी हौसेनं ठेवत नाही. जॉबचे प्रोग्रॅम सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणाऱ्या मशीनला, पाठवणारं जुनं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालतं, ज्यानं ते बसवून दिलं तो माणूस आता फोन उचलत नाही, म्हणून एक्सपी डब्यात घालून जपायची. तो डबा म्हणजे व्हर्च्युअल मशीन. त्यामुळं तुमची ही एरर मी ऑइलचे हात लागलेल्या स्क्रीनवर बऱ्याच वेळा वाचली आहे.

उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून सकाळी सकाळी फोन आला. "कालपर्यंत चालत हुतं की वो. रात्रीत काय झालं त्याला?" गेलो तर सीएनसी गपगार उभं, ऑपरेटर चहा पितोय, आणि ब्रॉडबँडवाला राऊटर बदलून नुकताच गेलेला. का? तर पाटीतलं 'इंटनेट' त्यांनी 'इंटरनेट' वाचलं. नेट गेलंय म्हणून नेटवाल्याला बोलावला. त्यांची चूक म्हणवत नाही, नावच तसलं ठेवलंय. इंटनेट म्हणजे इंटर्नल नेटवर्क, व्हर्च्युअलबॉक्सचं स्वतःचं, कॉम्प्युटरच्या आतलं. तुमच्या बाहेरच्या नेटचा इथं काही संबंध नाही. एफएलटी म्हणजे फिल्टर, आयएफ म्हणजे इंटरफेस. फिल्टर ज्याच्यावर बसवायचा ते नेटवर्क कार्ड मला मिळालं नाही, एवढंच ती पाटी सांगते.

हा फिल्टर काय असतो ते एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. विंडोजमध्ये प्रत्येक नेटवर्क कार्डाच्या वाटेवर नाके असतात. येणारं-जाणारं प्रत्येक पाकीट त्या नाक्यांवरून जातं. अँटिव्हायरसचा एक नाका, व्हीपीएनचा एक, आणि व्हर्च्युअलबॉक्सचा एक, नाव 'व्हर्च्युअलबॉक्स एनडीआयएस६ ब्रिज्ड नेटवर्किंग ड्रायव्हर'. आतल्या मशीनची पाकिटं ओळखून आत वळवायचं काम हा नाका करतो. विंडोजचं मोठं अपडेट आलं की बऱ्याचदा कार्डं नव्यानं मांडली जातात आणि या मांडामांडीत आपला नाका उठतो. कार्ड दिसतं, चालतं, पण नाक्यावर माणूस नाही. म्हणून 'समोर दिसतोय पण सापडत नाही'.

आता ते परत बसवू. विंडोजची कळ दाबून आर दाबा, छोट्या चौकटीत एनसीपीए डॉट सीपीएल टाइप करा (सगळं सलग, स्पेलिंग इंग्रजीतच), एंटर. सगळ्या कार्डांची खिडकी उघडेल. त्यात 'व्हर्च्युअलबॉक्स होस्ट-ओन्ली' नावाचं कार्ड शोधा. राखाडी दिसत असेल तर ते बंद आहे, राइट क्लिक करून एनेबल. चालू असेल तर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. एक उभी यादी दिसेल, प्रत्येक ओळीच्या डाव्या अंगाला चौकोन. क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग, असं करत खाली सरका. एनडीआयएस६वाली ओळ दिसेल आणि तिच्या चौकोनात टिक नसेल. उद्यमनगरातल्या त्या पीसीवर नेमकं हेच होतं, एक रिकामा चौकोन. त्याच्यापायी सीएनसी सकाळपासून उभं, शिवाय नवीन राऊटरचं बिल.

टिक करा, ओके. मग त्याच कार्डावर राइट क्लिक करून डिसेबल, पाचेक सेकंद थांबून एनेबल. हे दुसरं पाऊल लोक गाळतात आणि मग 'टिक होती तरी चालेना' म्हणतात. टिक आधीपासूनच असेल तरी ती काढून ओके, परत लावून ओके, मग डिसेबल-एनेबल. फिल्टर कार्डावर नव्यानं चढतो तो अशा वेळी.

ओळच यादीत नसेल तर त्याच खिडकीत इन्स्टॉल, सर्व्हिस, ॲड, हॅव डिस्क. मग सी ड्राइव्हच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये ओरॅकल, व्हर्च्युअलबॉक्स, ड्रायव्हर्स, नेटवर्क असं आत जात शेवटी नेटएलडब्ल्यूएफ नावाचं फोल्डर. त्यातली फाइल निवडायची. बसवताना दोन-चार सेकंद नेट जातं, घाबरू नका.

आता तुमच्या दोन इन्स्टॉलांचा घोळ. व्हर्च्युअलबॉक्स काढून टाकताना कधी कधी जुनं होस्ट-ओन्ली कार्ड मागं राहतं आणि नवीन येतं ते 'होस्ट-ओन्ली इथरनेट अडॅप्टर #२' नावानं. पुढच्या खेपेला #३. तुमच्या उबुंटूच्या सेटिंगमध्ये मात्र जुनंच नाव लिहिलेलं असतं. म्हणून पाटी नीट वाचा, कार्डाचं पूर्ण नाव तिच्यात दिलेलं असतं. ते नाव आणि खिडकीतलं नाव अक्षरशः जुळतं का बघा, त्या # सकट. जुळत नसेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली 'नेम'ची यादी उघडून आत्ता हयात असलेलं कार्ड निवडा. जास्तीची कार्डं व्हर्च्युअलबॉक्सच्याच नेटवर्क मॅनेजरमधून काढा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये शिरून हातानं उपटू नका.

याच जातीची दुसरी पाटी आहे, 'नॉनएक्झिस्टंट होस्ट नेटवर्किंग इंटरफेस'. ती मला २०१९च्या ऑगस्टनंतर जास्त दिसली. पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा तळमजल्यावरचे पीसी भिजले. कुंभार गल्लीजवळच्या एका व्यापाऱ्याची हार्ड डिस्क आम्ही वाळवून वाचवली, हिशेबाचं व्हर्च्युअल मशीन नव्या पीसीवर उचलून ठेवलं, आणि ते चालू होईना. मालकांचा चेहरा पडला, त्यांना वाटलं पाण्यानं हिशेबही गेला. झालं होतं एवढंच की मशीन ब्रिज्ड होतं आणि त्याच्या सेटिंगमध्ये जुन्या मदरबोर्डावरच्या कार्डाचं नाव होतं. नव्या बोर्डावर कार्ड दुसऱ्याच कंपनीचं. 'नेम'मध्ये नवीन कार्ड निवडलं, दोन मिनिटांचं काम. पुढं पीसी बदललात किंवा यूएसबीचं लॅन कार्ड दुसरं लावलंत तर हे आठवा.

मशीन चालू झालं पण नेटवर्क नाही, अशीही तऱ्हा असते. तेव्हा आधी आतल्या मशीनला कुठला पत्ता मिळालाय तो बघा. उबुंटूत 'आयपी ए', विंडोजमध्ये 'आयपीकॉन्फिग'. १०.०.२.१५ असेल तर नॅट ठणठणीत आहे. १९२.१६८.५६.१०१ किंवा त्याच्या आसपास असेल तर होस्ट-ओन्ली बरोबर आहे, तुमचा बाहेरचा कॉम्प्युटर तिथं १९२.१६८.५६.१ असतो. होस्ट-ओन्लीवर इंटरनेट मिळत नाही, ते मिळायचंच नसतं, त्यात बिघाड शोधत बसू नका. आत विंडोज असेल आणि पत्ता १६९.२५४नं सुरू होत असेल तर कुणी पत्ताच दिला नाही म्हणून त्यानं स्वतःच ठेवून घेतलाय. उबुंटूत अशा वेळी बहुतेक करून पत्त्याची ओळच दिसत नाही. तुम्ही उबुंटू सर्व्हर टाकला असेल आणि नंतर दुसरा अडॅप्टर जोडला असेल तर नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये पहिल्याचंच नाव असतं, ईएनपी०एस३. दुसरा ईएनपी०एस८, त्याला त्या फाइलमध्ये डीएचसीपी, म्हणजे पत्ता आपोआप घे, असं लिहून द्यावं लागतं. यात विंडोजचा किंवा व्हर्च्युअलबॉक्सचा काही दोष नाही.

एक्सपीवाल्यांसाठी जाता जाता. कार्डाचा प्रकार 'इंटेल प्रो/१००० टी सर्व्हर' ठेवा, त्याचा ड्रायव्हर एक्सपीत आधीच असतो. 'एमटी डेस्कटॉप' व्हिस्टापासून पुढं चालतं. प्रकार बदलायला मशीन पूर्ण बंद पाहिजे. आणि व्हीएमवेअर (याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर) वापरणारे कुणी हे वाचत असतील तर तिथं व्हर्च्युअल नेटवर्क एडिटरमध्ये 'रिस्टोअर डीफॉल्ट्स' आहे, अर्धे आजार त्यानंच जातात.

आता माझं खरं मत. तुम्हाला होस्ट-ओन्ली हवंय कशाला? बाहेरून उबुंटूत शिरायला आणि ब्राउझरमध्ये प्रोजेक्ट दाखवायला, बरोबर? मग नॅटवरच राहा. नॅटच्या अडॅप्टरखाली 'पोर्ट फॉरवर्डिंग' असतं, बाहेरच्या कॉम्प्युटरच्या (होस्ट) एका दारावर आलेलं आतल्या मशीनच्या (गेस्ट) दारावर पोचवणारं. एक ओळ वाढवा: टीसीपी, होस्ट पोर्ट २२२२, गेस्ट पोर्ट २२. दुसरी: होस्ट ८०८०, गेस्ट ८०. होस्ट आयपी दोन्हीकडं १२७.०.०.१. मग पुट्टीत (बाहेरून उबुंटूत शिरायचं सॉफ्टवेअर) १२७.०.०.१ आणि पोर्ट २२२२, ब्राउझरमध्ये लोकलहोस्टपुढं कोलन आणि ८०८०. तो नाका नाही, तो फिल्टर नाही, पुढच्या अपडेटला हा तमाशा परत नाही. मी वर्कशॉपमध्येही जिथं सीएनसीला सरळ पत्ता लागतो तिथंच ब्रिज्ड ठेवतो. बाकी सगळीकडं नॅट.

आणि ब्रिज्ड करायचंच असेल तर वायरवर करा. वायफायवर आतल्या मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) हवेत तसाच पाठवता येत नाही, व्हर्च्युअलबॉक्सला तो मधल्या मध्ये बदलावा लागतो, आणि यूएसबी डोंगल घेऊन आलेली बरीच पोरं मी इथं डोकं धरून बसलेली पाहिलीत.

प्रोजेक्ट ग्रुपचं असेल आणि मित्रानं मशीनचं अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर उचलून नेलं असेल, तर त्याच्या आणि तुमच्या मशीनचा मॅक पत्ता एकच आहे, ०८:००:२७नं सुरू होणारा. नॅटवर असाल तर चालून जाईल. पण लॅबमध्ये दोघंही ब्रिज्डवर आलात तर एकाचं लागेल, दुसऱ्याचं तुटेल, मग उलट. त्या अडॅप्टरखाली मॅक ॲड्रेसशेजारी दोन गोल बाणांचं बटण आहे, ते एकाच्या मशीनवर गुरुवारीच दाबून ठेवा.