बोअरच्या पाण्यामुळे सोलर वॉटर हीटरच्या काचेच्या नळ्यांत क्षार साचलेत. घरी साफ करता येतील का?

येतील, पण उन्हात अजिबात हात घालू नका. रिकामी नळी उन्हात २०० अंशांच्या वर तापते आणि त्यात गार पाणी गेलं की तडकते. काम ऊन चढायच्या आत उरका.

आदल्या रात्री गरम पाणी वापरून संपवा. सकाळी गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून टाकी रिकामी करा. टाकी रिकामी झाली तरी नळ्या भरलेल्याच असतात. १८०० मिमीच्या नळीत अडीच लिटरच्या वर पाणी असतं, म्हणून दोघांनी धरा. नळी फिरवत थोडी वर टाकीत ढकला, खालचं टोक कपातून सुटलं की हळूच खाली ओढा. क्षारांचे पापुद्रे बंद टोकाशी बसलेले दिसतील. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व (लिटरला दोन-तीन चमचे) घालून दोन-तीन तास भरून ठेवा, मग लांब दांड्याच्या नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेचा ब्रश नको, ओरखड्यातूनच काच फुटते. बाथरूमचं ॲसिड टाकीत चुकूनही नको, स्टीलला भोकं पडतात.

नळीचं बंद टोकही बघाच: तिथला चंदेरी भाग पांढरा पडला असेल तर आतली निर्वात पोकळी गेली. ती नळी बदलायलाच हवी.

बसवताना रबरी रिंगला साबणाचं पाणी लावा. चिरलेली रिंग लगेच बदला, गळती बहुतेक तिथूनच सुरू होते.